येलोस्टोनची कौटुंबिक रोड ट्रिप: ऑफलाइन नकाशा, पार्कचं ॲप आणि कागदी नकाशा, काही महिने वापरल्यानंतर

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी तो आधीच सांगते. अमेरिकेतल्या येलोस्टोन नॅशनल पार्कला घरच्यांना घेऊन गाडीने जाणार असाल तर फोनमध्ये ऑफलाइन नकाशा हवाच. नॅशनल पार्क सर्व्हिसचं ॲपही हवं. आणि प्रवेशद्वारावर हातात देतात तो कागदी नकाशा घडी करून डॅशबोर्डच्या खणात टाकायचा नाही. तिघांची कामं वेगवेगळी आहेत. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की गाडीत भांडणं होतात.

बेत आखायला आम्ही हिवाळ्यात बसलो. मधल्या महिन्यांत जवळपासच्या पार्कांमध्ये शनिवार-रविवारच्या सफरींत हीच सामग्री वापरली आणि उन्हाळ्याच्या अखेरीस येलोस्टोन गाठलं. गाडीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि भारतातून आलेले सासूबाई-सासरे. हे मुद्दाम सांगतेय, कारण तीन पिढ्यांचा बेत आणि दोन मित्रांचा बेत यांना एकच मोजपट्टी चालत नाही. सासूबाईंचे गुडघे, धाकटीची भूक आणि सगळ्यांची स्वच्छतागृहं हे सगळं वेळापत्रकात बसवायचं होतं.

आधी बेताबद्दल, कारण नकाशाचा खरा उपयोग मला घरी, टेबलावर झाला. येलोस्टोनचा मुख्य रस्ता, म्हणजे ग्रँड लूप, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे. एकूण लांबी १४२ मैल. खालचं वर्तुळ ९६ मैलांचं, वरचं ७०, आणि मधला नॉरिस ते कॅनियन हा १२ मैलांचा तुकडा दोघांत सामायिक. अमेरिकेत हायवेवर गाडी चालवायची सवय असलेल्या माणसाला १४२ मैल म्हणजे अडीच तास वाटतात. नवऱ्यालाही वाटले. पण पार्कमध्ये वेगमर्यादा ताशी ४५ मैल, काही ठिकाणी त्याहून कमी. रस्ता बहुतेक ठिकाणी दोनच पदरी, आणि दर थोड्या अंतरावर थांबायला लावणारं काहीतरी असतंच. मॅडिसन ते ओल्ड फेथफुल (पार्कचा सगळ्यात प्रसिद्ध गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा) हे अंतर फक्त १६ मैल आहे, पण वाटेत फाउंटन पेंट पॉट आणि मिडवे गीझर बेसिन लागतात. आमचा अर्धा दिवस तिथेच गेला आणि कोणाची तक्रार नव्हती.

म्हणून नकाशात सगळी ठिकाणं खुणा करून साठवली आणि बेत मैलांत न करता तुकड्यांत केला: आज मॅडिसन ते वेस्ट थम्ब, उद्या फिशिंग ब्रिज ते कॅनियन, असा. नकाशाचं ॲप जो प्रवासाचा वेळ दाखवतं तो न थांबता जाण्याचा असतो. आम्ही तो सरळ दुप्पट धरला आणि थांब्यांचा वेळ वेगळा मांडला. हा हिशोब शास्त्रीय नाही, पण शेवटपर्यंत टिकला.

खुणा करताना एक गोष्ट पाळावी. मुक्कामाचं ठिकाण म्हणून नुसतं ‘येलोस्टोन’ लिहू नये. पार्क जवळजवळ नऊ हजार चौरस किलोमीटरचं आहे आणि प्रवेशद्वारं पाच. पश्चिमेच्या दारातून शिरून ईशान्येच्या दाराने बाहेर पडायचं तर कॅनियनवरून जवळचा रस्ता घेतला तरी ८८ मैल होतात. म्हणजे हॉटेल ईशान्येच्या दाराबाहेर कुक सिटीत घेतलंय आणि पहिली संध्याकाळ ओल्ड फेथफुलला ठरवलीय, असा बेत कागदावरच खोडून टाकायचा. आम्ही खोल्या दोन बाजूंना घेतल्या, आधी पश्चिमेला आणि मग उत्तरेला गार्डिनरमध्ये. पार्कच्या आतल्या लॉजेसचं आरक्षण साधारण वर्षभर आधी सुरू होतं आणि उन्हाळ्यातल्या चांगल्या तारखा भराभर जातात, त्यामुळे आत राहायचं असेल तर नकाशाच्याही आधी ते उरकावं.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर. पार्कमध्ये मोबाइलची रेंज मोजक्या वस्त्यांजवळ मिळते, आणि उन्हाळ्यात तिथेही इतकी गर्दी असते की साधा फोटो पाठवायला वेळ लागतो. बाकी मैलोन्‌मैल काही नाही. सासऱ्यांना याची काळजी वाटत होती. रेंजच्या दांड्या गेल्या आणि तरीही निळा ठिपका रस्त्यावरून नीट सरकतोय हे बघून त्यांनी विचारलं, “अगं, नेट नाही तर हा चालतोय कशावर?” मोठ्या मुलाने मागून उत्तर दिलं, “आजोबा, फोन उपग्रहाशी बोलत नाही, फक्त ऐकतो.” बरोबर आहे. जीपीएसचे उपग्रह संकेत पाठवत राहतात आणि फोन निदान चार उपग्रहांचे संकेत पकडून आपली जागा काढतो. त्याला सिम कार्डही लागत नाही. नेटवर्क असलं की पहिली जागा पटकन सापडते, नसलं की थोडा धीर धरावा लागतो, इतकाच फरक. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला, आणि ते आपण घरीच उतरवलेलं असतं. सासऱ्यांनी खात्री करायला फोन एअरप्लेन मोडवर टाकायला लावला. ठिपका सरकतच राहिला. मग त्यांचं समाधान झालं.

गूगल मॅप्सचा ऑफलाइन भाग गाडीचा रस्ता दाखवायला पुरेसा आहे. पायवाटांसाठी मी ऑरगॅनिक मॅप्स वापरलं. ते ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतं आणि चालायचे मार्ग ऑफलाइनही दाखवतं. ग्रँड प्रिझमॅटिकचं ते निळं-केशरी कुंड वरून बघायचं असेल तर फेअरी फॉल्सच्या वाटेवरून ओव्हरलूककडे फाटा जातो. चढ १०५ फुटांचा, अंतर ०.६ मैल. हे आकडे आधी माहीत होते म्हणून सासूबाईंना विचारता आलं. त्या म्हणाल्या, सावकाश येते, आणि आल्या. आकडे नसते तर “थोडंसंच चालायचंय” असं सांगून मी त्यांना नेलं असतं आणि त्या थोडंशावर दिवसभर ऐकावं लागलं असतं.

ऑफलाइन नकाशा काय करत नाही ते खरेदीच्या जाहिरातीत कोणी लिहीत नाही. त्याला आजचं काही माहीत नसतं. रस्ता बंद आहे, पुढे गर्दी आहे, काम चालू आहे, यातलं काहीही. हेडन व्हॅलीत आमच्या पुढे गव्यांचा कळप रस्त्यावर आला. म्हणजे बायसन, पण आमच्या गाडीत ते गवेच होते. एक नर डांबरी रस्त्याच्या मधोमध उभा, मान खाली, अंगावरची लोकर जुन्या गादीतल्या कापसासारखी पुंजक्यापुंजक्यांनी लोंबत होती, आणि तो आमच्या आरशापासून इतक्या जवळून गेला की नाकपुड्यांचा आवाज काचेतून आला. धाकटी एकदम गप्प. फोन मात्र शांतपणे सांगत होता, कॅनियन २० मिनिटं. दहा मिनिटांनीही कॅनियन २० मिनिटंच. तो गवा रस्ता सोडेपर्यंत कोणाच्याच हातात काही नव्हतं. (गाडीबाहेर असाल तर नियम पक्का आहे: गवे, एल्क (मोठी हरणं) वगैरेंपासून २५ यार्ड, अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड. लोक सर्रास मोडताना दिसतात, आणि जखमी होणाऱ्यांच्या बातम्या दरवर्षी येतात.)

बंद रस्त्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. पार्कमधले बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत किंवा त्यानंतरही साध्या गाड्यांना बंद असतात. वर्षभर उघडा राहतो तो फक्त उत्तरेच्या दारापासून ईशान्येच्या दारापर्यंतचा. ईशान्येकडून येणारा बेअरटूथ हायवे तर जवळपास ११ हजार फुटांवर चढतो आणि साधारण मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच खुला असतो. नकाशात मात्र तो बारा महिने तसाच दिसतो. शिवाय जून २०२२ च्या पुरात गार्डिनर ते मॅमथ हा नदीकाठचा रस्ता जागोजागी वाहून गेला. त्याच्याऐवजी डोंगरावरून जाणारा जुना गार्डिनर रोड रुंद करून, डांबर टाकून त्याच ऑक्टोबरात सुरू केला. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या गाडीतलं नेव्हिगेशन अद्याप त्या वाहून गेलेल्या रस्त्यावरच त्यांना नेऊ बघत होतं. नकाशा निघायच्या आठवड्यात पुन्हा उतरवावा, हिवाळ्यात उतरवलेला चालवू नये. आणि रस्त्यांच्या बातमीसाठी पार्कची एसएमएस सेवा घ्यावी. ८८८-७७७ या क्रमांकावर ८२१९० असा संदेश पाठवला की बंद-चालूची सूचना फोनवर येते. डेटा नसतानाही एसएमएस कधीकधी पोहोचतो. मला ही सेवा सगळ्या ॲपांपेक्षा जास्त उपयोगी वाटली, आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

पार्क सर्व्हिसच्या ॲपचं काम वेगळं. रस्ता दाखवायला त्याच्याकडे बघू नये. पेट्रोल पंप, स्वच्छतागृहं, व्हीलचेअर जाईल अशा फळ्यांच्या वाटा, कुठल्या थांब्यावर काय आहे, हे सगळं त्यात आहे, आणि पार्क ‘सेव्ह’ करून ठेवलं की नेटशिवाय उघडतं. गीझर कधी उडणार याचे अंदाजही त्यातच येतात, पण ते ताजे असावे लागतात, म्हणून त्यांना नेट हवंच. ओल्ड फेथफुलला ते नसेल तर व्हिजिटर सेंटरमध्ये वेळ लिहिलेली असते.

तिथे मुलांनी ॲपला बाजूला सारलं. पार्कच्या रेंजरने सांगितलं होतं की ओल्ड फेथफुलचा उद्रेक अडीच मिनिटांपेक्षा कमी चालला तर पुढचा साधारण ६५ मिनिटांनी येतो, आणि जास्त चालला तर दीड तासाच्या आसपास. मोठ्या मुलाने फोनवर स्टॉपवॉच लावलं, धाकटी आजीच्या मांडीवर बसून आकडे मोठ्याने म्हणत होती. पाणी चार मिनिटं उलटून गेली तरी उसळतच होतं. म्हणजे लांबचा अंदाज, दीड तास हातात. तेवढ्यात आम्ही फळ्यांच्या वाटेने कॅसल गीझरपर्यंत जाऊन आलो. परत येऊन बसल्यावर मुलांचा अंदाज आणि व्हिजिटर सेंटरच्या फळ्यावरची वेळ यांत काहीच मिनिटांचा फरक निघाला. दोघंही आपापलं श्रेय घ्यायला तयार होती.

कागदी नकाशा सासऱ्यांच्या ताब्यात होता. फोनच्या पडद्यावर एका वेळी दोन वळणं दिसतात, पण संपूर्ण आठाचा आकडा दिसत नाही. “इथून परत फिरायचं की टॉवरवरून वर्तुळ पूर्ण करायचं” हा निर्णय नेहमी कागदावरच झाला. कॅनियन ते टॉवर १९ मैल, टॉवर ते मॅमथ १८, पण मधला डनरेव्हन पास जवळपास ८,९०० फुटांवर आहे, हेही त्यांनीच कागदावर वाचून सांगितलं. संध्याकाळ झाली होती, धाकटीला उलटीसारखं वाटत होतं, आम्ही नॉरिसवरून गेलो. मॅमथला पोहोचायला तिकडूनही ३३ मैलच होतात आणि पोट ढवळत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. एका गाडीला सात दिवसांचे ३५ डॉलर. दक्षिणेच्या दाराने बाहेर पडून शेजारचं ग्रँड टीटन पार्कही करणार असाल तर तिथले ३५ वेगळे, मग ८० डॉलरचा वार्षिक पास घेतलेला बरा. भारतातून आई-वडील येणार असतील तर मात्र नीट वाचा: २०२६ पासून येलोस्टोनसह अकरा पार्कांत अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना वार्षिक पास नसेल तर माणशी १०० डॉलर जास्त पडतात, आणि त्यांच्यासाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. आम्ही गेलो तेव्हा हे नव्हतं. आता जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी कोणता पास कोणाच्या नावावर हे ठरवून घ्यावं.

खोट काढायची तर एकच, आणि ती फोनची आहे. दिवसभर पडदा चालू, उपग्रह शोधणं चालू आणि काचेवर उन्हात लावलेला, की फोन तापतो आणि चार्जिंग थांबवतो. आम्ही स्टँड काचेवरून काढून एसीच्या झडपेसमोर लावला. दुसऱ्या फोनवर तोच नकाशा उतरवून तो बंद ठेवला होता. तो एकदाच लागला, पण लागला.

आणखी एक: ॲपमध्ये प्रत्येक पार्क वेगळं सेव्ह करावं लागतं. येलोस्टोन केलं म्हणून टीटन आपोआप येत नाही, जरी दोन्ही एकाच रस्त्यावर असली तरी. ते काम वाय-फाय चांगलं असेल तिथेच उरकावं. लॉजच्या वाय-फायवर रात्री सगळेच आपले फोटो पाठवत बसलेले असतात.