रास्पबेरी पाय ५ साठी बिननावाचे एम-टू अॅडॉप्टर: बोर्ड चांगला, माहितीपत्रक गायब

रास्पबेरी पाय ५ या तळहाताएवढ्या संगणकावर मेमरी कार्डाऐवजी एनव्हीएमई एसएसडी (पीसीआयई या वेगवान जोडणीवर चालणारी साठवण) चालवावी असे बरेच दिवस मनात होते, कारण वीज अचानक गेली की कार्डावरच्या फायली खराब होत आणि पुढचा रविवार सगळे नव्याने इन्स्टॉल करण्यात जाई. त्यासाठी पुण्यात तपकीर गल्लीतून साडेआठशे रुपयांना एक एम-टू अॅडॉप्टर (पट्टीसारखी एसएसडी बसवायचा जोड-बोर्ड) घेतले. खोक्यावर उत्पादकाचे नाव नाही. आत अॅडॉप्टर, सोळा पिनांची चपटी रिबन, चार पितळी स्टँडऑफ आणि स्क्रू निघाले. माहितीपत्रक मात्र नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. एम-टू आकारातली साटा (जुन्या, वेगळ्या जोडणीची) एसएसडी यावर चालत नाही, एवढे दुकानदाराने आपणहून सांगितले, ते बरे झाले.

लॅपटॉपमधून काढलेली एसएसडी बसवली, रिबन लावली, अॅडॉप्टरवरचा निळा दिवा लागला आणि मी निर्धास्त झालो. हा दिवा फक्त वीज पोहोचल्याचे सांगतो, हे नंतर उमगले. ‘एलएसपीसीआय’ ही पीसीआयईवरची उपकरणे दाखवणारी आज्ञा दिल्यावर यादीत एक उपकरण दिसले आणि ती एसएसडीच असावी या समजुतीत अर्धा तास वाया गेला. प्रत्यक्षात ती पायच्या बोर्डावरचीच आरपी-वन चिप होती. यूएसबी, इथरनेट आणि जीपीआयओ (बाहेरची उपकरणे जोडायच्या पिना) सांभाळणारी ही चिप स्वतःच पीसीआयईवरून प्रोसेसरला जोडलेली असल्यामुळे त्या यादीत कायम दिसते.

एसएसडी न दिसण्याचे मूळ कारण असे की, पाय ५ वरचा बाहेरचा पीसीआयई पोर्ट एरवी बंद असतो. अॅडॉप्टर ‘हॅट प्लस’ या रास्पबेरी पायच्या जोड-बोर्डांच्या मानकाचे असेल, तर त्यावरच्या छोट्या ईईपीरॉम चिपमधली ओळख वाचून बोर्ड तो पोर्ट आपोआप चालू करतो. या अॅडॉप्टरवर ती चिपच नाही. त्यामुळे बूट विभाजनातल्या कॉन्फिग फाइलमध्ये पीसीआयई चालू करणारी एक ओळ हाताने लिहावी लागते. ती लिहून बोर्ड पुन्हा सुरू केला, तेव्हा कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) नोंदींत जिथे आधी या पोर्टचा उल्लेखही नव्हता तिथे ‘लिंक डाउन’ असे आले. वरवर पाहता हे अपयशच, पण माझ्या दृष्टीने ती प्रगती होती: नोंदच नसेल तर पोर्ट बंद आहे, आणि ‘लिंक डाउन’ असेल तर पोर्ट चालू असून पलीकडून उत्तर येत नाही. अशा वेळी सेटिंग चाळत न बसता रिबन तपासावी.

रिबनच्या दोन पिनांमध्ये अवघे अर्धा मिलिमीटर अंतर असते. माझी रिबन एका बाजूने केसभर वर राहिली होती आणि भिंग घेतल्याशिवाय ते दिसले नाही. कनेक्टरची खिट्टी दोन्ही टोकांना नखाने अलगद उचलून, तांब्याची बाजू यूएसबी पोर्टांकडे ठेवून, रिबन तळापर्यंत सरळ बसवली आणि मग खिट्टी दाबली. पुढच्याच वेळी एसएसडी दिसली. तिच्यावरून बूट करण्यासाठी बूटलोडरच्या (बोर्ड सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये ‘पीसीआयई प्रोब’ला १ ही किंमत द्यावी लागली, कारण हॅट प्लस नसलेल्या अॅडॉप्टरवर तो आपणहून शोध घेत नाही.

वेगाबद्दल तक्रार नाही. पोर्टला पीसीआयई दुसऱ्या पिढीची एकच लेन (माहितीची वाट) आहे, आणि माझ्याकडे वाचनाचा वेग सेकंदाला सुमारे ४३० मेगाबाइट भरला. तिसरी पिढी सक्तीने लावल्यावर तो जवळपास दुप्पट झाला, पण मोठी फाइल कॉपी करताना नोंदींत चुका दिसू लागल्या. पाय ५ तिसऱ्या पिढीसाठी प्रमाणित नसल्यामुळे याचा दोष अॅडॉप्टरला देणे योग्य नाही. मी निमूटपणे दुसऱ्या पिढीवर परतलो.

अॅडॉप्टरची घडण नीटनेटकी आहे, सोल्डरिंग स्वच्छ आहे आणि २२८० आकाराची लांब एसएसडीही स्क्रूने पक्की बसते. ज्याला कॉन्फिग फाइल उघडायची सवय आहे त्याने हे बेलाशक घ्यावे; नवख्याने मात्र थोडे जास्त पैसे देऊन हॅट प्लसच घ्यावे. पाचपैकी साडेतीन तारे. उरलेल्या दीडपैकी एक माहितीपत्रकाचा आणि अर्धा रिबनचा, कारण ती खराब झाली तर त्या दुकानात सुटी मिळत नाही, अख्खा संच घ्यावा लागतो.