ट्रीट पाऊच, त्याचं चुंबक आणि चिंगीचे कान: दिवाळी ते पावसाळा वापरून

चुंबक निघालं. शिवण उसवली नाही, पट्टा तुटला नाही. ज्याच्या जोरावर कुत्र्याचा खाऊ ठेवायचा हा कमरेचा पाऊच साडेसहाशे रुपयांना विकतात, ते झाकणातलं चुंबकच कापडातून सुटून वडोदऱ्याच्या नवलखी मैदानात कुठेतरी पडलं. गेल्या दिवाळीत घेतलेली वस्तू, अजून वर्ष पूर्ण व्हायचंय. कस्टमर केअरच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की चुंबक हा 'वापराने झिजणारा भाग' आहे, वॉरंटीत येत नाही. चुंबक झिजतं कसं, असं विचारलं तर तिने मला होल्डवर ठेवलं. गाणं चांगलं होतं, पण ते किती वेळ ऐकणार?

मापं, रंग, खिसे किती हे सगळं विक्रीच्या पानावर आहे, ते परत लिहीत नाही. मी तो कशासाठी वापरते तेवढं सांगते, कारण माझी तक्रार त्यातूनच निघते. आमची चिंगी देशी कुत्री आहे, वासावरून माणसाचा माग काढायला शिकतेय. पोलिसात वगैरे द्यायची नाही, हौस म्हणून. आमचे हे रिटायर झालेत, सकाळी मोकळे असतात, त्यामुळे लपायचं काम त्यांच्याकडे. त्यांचा न धुतलेला रुमाल पिशवीतून चिंगीला हुंगवायचा, लांब दोरी हातात धरायची आणि तिच्या मागे चालत राहायचं.

या खेळात बक्षीस दोरी धरणाऱ्याकडे ठेवत नाहीत. जो सापडायचाय त्याच्याकडे असतं. माझ्या कमरेला पाऊच असला तर चिंगी चार पावलं गेली की मागे वळून माझ्या कमरेकडे बघणार. तिच्या लेखी मजा मागे आहे, पुढे नाही. म्हणून पाऊच पहिल्या दिवसापासून यांच्या कमरेला. वाटेत काही टाकायचं नाही, कोपऱ्यावर शाबासकी म्हणून तुकडा नाही. सगळी मेजवानी शेवटी आणि ती सापडलेल्या माणसाच्या हातून.

आता जाहिरातीतल्या त्या 'आवाज न करणाऱ्या' चुंबकाच्या झाकणाबद्दल. घरात, पंखा चालू असताना, खरंच काही ऐकू येत नाही. सकाळी सहाला मैदानात मात्र टक असा स्वच्छ आवाज येतो. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 40 च्याही पुढे, म्हणजे मला जो आवाज बारीकसा वाटतो तो तिला कसा येत असेल कोण जाणे. व्हायचं असं, की चिंगी नाक खाली घालून छान येतेय. माणसाच्या अंगावरून त्वचेचे बारीक कण सतत गळत असतात, ते वाऱ्याने सरकतात, म्हणून कुत्रा नेमका पावलांवरून न जाता थोडा बाजूनेही जातो. वळणावर आली की वास तुटतो. मग ती थांबते, पुढे जाते, परत येते, गोल फिरते, पुन्हा धागा पकडते. हे वळण सोडवणं हाच सगळा अभ्यास. आणि नेमक्या त्याच वेळी भिंतीमागे बसलेले आमचे हे, आता आलीच म्हणून, झाकण उघडून तुकडे हातात घेणार. टक. चिंगीची मान वर, कान उभे आणि सरळ रेषेत भिंतीकडे धूम. सापडले की! तुकडे मिळाले. नाकाने काय केलं? काही नाही.

'आधीच उघडून ठेवायचं ना' असं लगेच कुणीतरी म्हणेल. ठेवलं. उघड्या झाकणाने पाच मिनिटं गवतात बसलं की मुंग्या येतात. शिवाय पाऊच उघडा असला की यांचा हात आत जातो. एकदा पनीरचे निम्मे तुकडे चिंगी पोचायच्या आत संपले होते. उरलेल्या बक्षिसाची भरपाई यांनी खिशातल्या बिस्किटाने केली.

त्या दिवशी चिंगीने बिस्किट हुंगलं, टाकलं, यांच्या दोन्ही हातांचा वास घेतला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू हिशेबात मीच घोळ केलाय. मुलगी मानसशास्त्र शिकते, ती म्हणाली, आई, हे तर 1928 सालचं आहे. टिंकलपॉ नावाच्या संशोधकाने माकडासमोर भांड्याखाली केळं ठेवलं आणि नंतर त्याला न दिसता तिथे लेट्यूसचं पान ठेवलं. एरवी तेच पान खाणारं माकड ते बघून शोधाशोध करायला लागलं, पान तसंच सोडलं, कधी बघणाऱ्यांवर ओरडलंसुद्धा. म्हणजे बक्षीस नुसतं चांगलं असून भागत नाही, ठरलेलं असावं लागतं. तेव्हापासून मागाचे तुकडे फक्त मागालाच, घरी एकही नाही. आणि यांना निघण्याआधी पोटभर पोहे.

बिस्किटांवर तर माझा रागच आहे. दुकानदार हौसेने तीच गळ्यात मारतात, हाडाच्या आकाराची, रंगीत. मागावरून आलेलं कुत्रं धापा टाकत असतं, तोंड कोरडं पडलेलं असतं. कडक बिस्किट चावायला वेळ लागतो, चुरा घशात जाऊन ठसका लागतो, खाली पडलेले कण शोधत ते गवतात हिंडतं. ज्याला शोधलं तो माणूस तिथेच उभा, त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. बक्षीस मऊ हवं, वाटाण्याएवढं, न चावता गिळता येणारं. आम्ही चिकन नुसत्या पाण्यात उकडतो, मीठ नाही, कांदा-लसूण तर कुत्र्याला चालतच नाही. आमच्या सोसायटीत चिकन शिजवणं हा स्वतंत्र विषय आहे. खिडक्या लावून, रविवारी दुपारी, सगळे झोपल्यावर. श्रावणात घरी तेही बंद, मग पनीर. बाजारचं पनीर पाऊचमध्ये भुगा होतं, म्हणून घरी लावून वजनाखाली रात्रभर दाबलेलं.

द्यायचं कसं, यावर यांच्याशी बरंच भांडण झालं. हे मूठभर एकदम पुढे करायचे, चिंगी दोन घासांत संपवून मोकळी. आता एकेक तुकडा, मध्ये कौतुक, पाठ थोपटणं, परत तुकडा, असं वीस-तीस सेकंद चालतं. ती पोचून यांना नाक लावते त्याच क्षणी पहिला तुकडा तोंडात पडायला हवा. यांनी आधी चष्मा शोधला की कौतुक कशाचं चाललंय हे तिला कळत नाही. आणि हे तुकडे दिवसाच्या खाण्यातून वजा करायचे, वरचा खाऊ दहा टक्क्यांच्या वर नको. नाहीतर कुत्री गोल होते आणि मग लपणाऱ्यालाच तिला शोधायला जावं लागतं.

दोरीचं खेळणंही करून पाहिलं. काही कुत्री त्यासाठी जीव टाकतात, चिंगी मात्र इतकी पेटते की पुढच्या मागावर वळण सोडून वीस पावलं सरळ धावत जाते. तिला खाणंच बरं. शेजारच्या बेन प्रेमाने सेव-उसळ घालायला निघतात, दिवाळीत बेदाणे घेऊन येतात. द्राक्षं-बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत हे मी त्यांना गुजरातीत, मराठीत आणि हातवारे करून सांगितलंय. शेंगदाण्याचं बटर वापरणाऱ्यांनी डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते, कुत्र्याला विषारी) लिहिलंय का ते बघा, असेल तर नको.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे देणार होते. मग चुंबक पडलं. झाकण लोंबायला लागलं, तर मी पाऊच मंगळ बाजारातल्या शिंप्याकडे नेला. तो टिच बटण लावतो म्हणाला. टिच बटण! म्हणजे टकच्या जागी टच्च. नाडी घालून घेतली, तीस रुपये. आता तोंड ओढलं की बंद, सैल केलं की उघडं, आवाज शून्य. पुढच्या काही दिवसांत वळणावर चिंगीची मान वर होणं थांबलं. पुन्हा गोल फिरते, पुन्हा स्वतः धागा शोधते. मी मागे दोरी सैल सोडून गप्प उभी.

मग दुसरी शंका आली. कानाचं बंद झालं, पण ती यांना शोधतेय की चिकनला? यांच्याकडे कायम तोच वास. म्हणून आता तेच तुकडे छोट्या डबीत माझ्याही खिशात असतात, आणि बेनचा मुलगा तेच तुकडे घेऊन दुसऱ्या बाजूला उभा राहतो. त्याने ते द्यायचे नाहीत, बोलायचं नाही, बघायचंही नाही. पहिल्यांदा चिंगी त्याच्यापाशी थांबली, वाट पाहिली, काही मिळालं नाही तेव्हा परत रुमालाच्या वासाकडे वळली. आता त्याच्या शेजारून निघून जाते. त्या मुलाला आम्ही आइस्क्रीम देतो, तोही ठरलेलं बक्षीसच मागतो.

पाऊचच्या बाजूने एक गोष्ट खरंच मोठी आहे. आतली सिलिकॉनची पिशवी बाहेर काढून धुता येते. याआधीच्या कापडी पाऊचला महिनाभरात असा वास सुटला होता की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. ही पिशवी गरम पाणी, भांड्याचा साबण, उपडी वाळत घातली की झालं. उन्हाळ्यात चाळिशीच्या पुढच्या उकाड्यात आम्ही बाहेरच्या खिशात बर्फाची छोटी पिशवी ठेवायचो, तेव्हाही गळली नाही. मात्र पनीर असेल तर तासाभरात घरी. तसंही ऊन चढलं की कुत्रं तोंडाने धापा टाकतं आणि नाकाचं काम मंदावतं, त्यामुळे उन्हाळ्यात सहाला बाहेर, सातला परत. पावसाळ्यात विश्वामित्रीच्या बाजूला माग टाकत नाही. मगरी आहेत, हे वडोदऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही.

दोनचे तीन तारे केलेत, ते सिलिकॉनच्या पिशवीसाठी. कुत्र्याला फक्त बस-ऊठ शिकवायचं असेल तर चुंबकाने काही बिघडत नाही, खुशाल घ्या. माग शिकवायचा असेल तर नाडीवाला कुठलाही स्वस्त पाऊच बघा, फक्त आतली पिशवी निघते का ते विचारा. पट्टा बत्तीस कमरेला शेवटच्या भोकात बसतो, त्याहून बारीक माणूस लपवणार असाल तर भोक पाडून घ्यावं लागेल. राखाडी रंग घेऊ नका, चिकनच्या पाण्याचे डाग जात नाहीत.