घरात मायलोमा होऊन गेलाय: फुल बॉडी चेकअप करायचं की इलेक्ट्रोफोरेसिस?

वडिलांचा मायलोमा कळायच्या आधी सात-आठ महिने आम्ही त्यांच्या कंबरेला मलम चोळत होतो. सख्ख्या नात्यात हा रक्ताचा कॅन्सर असला की धोका साधारण दुप्पट ते तिप्पट धरतात. म्हणून मी आणि धाकट्या बहिणीने तपासून घ्यायचं ठरवलं, पण वाटा वेगळ्या.

तिने फुल बॉडी पॅकेज घेतलं. त्यात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी असते. ल्युकेमियाचा संशय यायला ती बरी. मायलोमात मात्र हिमोग्लोबिन उतरतं ते उशिरा. मायलोमाच्या पेशी एकच प्रथिन भरमसाट बनवतात, म्हणून कामाची ओळ सापडते लिव्हरच्या पानावर. टोटल प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा करा. उरलेलं ग्लोब्युलिन 4 ग्रॅम/डेसिलिटरच्या पुढे असेल तर डॉक्टरांना विचारा. अर्थात ते जुनाट इन्फेक्शननेही वाढतं, आणि नॉर्मल आलं म्हणजे सुटलो असंही नाही.

मी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस केलं, म्हणजे रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहाने वेगवेगळी करून दाखवणारी चाचणी. रिपोर्टात आलेख येतो: डावीकडे अल्ब्युमिनचा सुळका, मग दोन-तीन टेकड्या, शेवटी गॅमाचा पसरट उंचवटा. त्या उंचवट्यातून अणकुचीदार टोक वर आलं की तो एम बँड, म्हणजे त्याच एका जादा प्रथिनाची खूण. सोबत इम्युनोफिक्सेशन (ते प्रथिन कोणत्या प्रकारचं हे सांगणारी चाचणी) आणि फ्री लाइट चेन (अँटिबॉडीचे सुटे छोटे तुकडे मोजणारी) हीही करा. खर्च वाढतो, पण काही मायलोमांत नुसत्या लाइट चेनच बनतात आणि आलेख सपाट दिसतो.

मेख पुढे आहे. बँड सापडला तर बहुतेकदा तो एमजीयूएस निघतो, म्हणजे असं प्रथिन रक्तात असतं पण कॅन्सर नसतो. पन्नाशीपुढच्या शंभरातल्या तिघांत तो असतोच, आणि त्यांच्यातल्या वर्षाला साधारण 1 टक्का लोकांनाच पुढे मायलोमा किंवा तत्सम आजार होतो. औषध काही नाही. ठरावीक महिन्यांनी रक्त द्यायचं आणि वाट पाहायची. ज्याला रिपोर्टच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, त्याने हे आधीच तोलावं.

अशा तपासणीने आयुष्य वाढतं का, हे पाहायला आइसलँडने 2016 पासून चाळिशीपुढच्या 80,000 हून जास्त लोकांची नोंदणी केली. बोस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर संस्थेचा प्रॉमिस अभ्यास कृष्णवर्णीयांना आणि आमच्यासारख्या नातेवाइकांना तपासतो. सरसकट तपासणीची शिफारस मात्र नाही. माझं मत: वय चाळिशीपुढे आणि आई, वडील किंवा भावंडाला मायलोमा असेल, तर पॅकेजऐवजी याच चाचण्यांवर पैसे घाला. हाडं दुखत असतील तर हा प्रश्नच उरत नाही, सरळ डॉक्टर गाठा.

माझ्या आलेखात टोक नव्हतं. बहिणीचं ग्लोब्युलिन 4.2 आलंय, पॅकेजवाल्यांनी आकडा ठळक छापलाय, पुढे अवाक्षर नाही. सोमवारी तिला घेऊन जातोय.