फिलरचा कोर्स, 1,50,150 रुपये आणि फॉर्मवरची एक रेघ

आकडा आधी सांगते, म्हणजे पुढचं कोणी हलक्यात घेणार नाही. 1,50,150 रुपये. डर्मल फिलर, म्हणजे ओठ-गाल भरीव करायला कातडीत टोचायचं जेल, ते टोचायला शिकायचं म्हणून मी ते पुण्यातल्या एका अकॅडमीत घातले. त्यातले 75,000 आईनं दिलेल्या पाटल्या गहाण ठेवून उभे केले होते.

मला नावं ठेवायच्या आधी एवढं ऐका. बारा वर्षं तासगावात पार्लर चालवतेय. मायक्रोब्लेडिंग, म्हणजे भुवयांवर रंगाच्या बारीक रेघा कोरणं, शिकले; सुईची भीती नव्हती. दोन वर्षांपासून गिऱ्हाइकं विचारत होती, "ताई, लिप्स करता का?" नाही म्हटलं की कोल्हापूरला जाऊन एक मिलीचे 18 हजार देऊन यायची. व्हिडिओ बघून घरात टोचणाऱ्या बायका मला माहीत आहेत. मी तसं केलं नाही. रीतसर शिकावं, सर्टिफिकेट घ्यावं, मगच हात लावावा, असं ठरवलं. यात माझं काय चुकलं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

फोनवरची ती गोड काउन्सेलर, शेवटच्या दोन सीट, आज भरले तर सवलत, सर्टिफिकेटवर लंडनच्या कुठल्यातरी बोर्डाचा शिक्का, हे सगळं तुम्हाला पाठ असेल. फी 85,000, वर 18 टक्के जीएसटी 15,300. एकूण 1,00,300. पावतीवर जीएसटी नंबरच नव्हता, हे मला चार महिन्यांनी दिसलं. पावती हातात पडल्या पडल्या तो नंबर बघा, सरकारी साइटवर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

पण मला रात्री झोप लागत नाही ती पावतीमुळे नाही, फॉर्ममुळे. पहिल्या दिवशी प्रवेशाचा फॉर्म भरत होते. नाव, पत्ता, शिक्षण, आणि चौथ्या ओळीत 'मेडिकल कौन्सिल रजिस्ट्रेशन नंबर'. मी पेन थांबवलं. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हे माझ्याकडं नाही, मी डॉक्टर नाही." ती वरसुद्धा न बघता म्हणाली, "तिथं रेघ मारा ताई, सगळ्याच मारतात." मी रेघ मारली. ती जागा फॉर्मवर का आहे, एवढं जरी विचारलं असतं! उत्तर कागदावरच छापलं होतं. हे काम कोणाचं आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि तरी त्यांनी माझे पैसे घेतले. तेव्हा फक्त 10,000 गेले होते. तिथूनच उठले असते तर 1,40,150 वाचले असते.

'सहा लाइव्ह मॉडेल', म्हणजे सरावाला जिवंत माणसं, सांगितली होती. दीड दिवस आम्ही चौदा जणी सिलिकॉनच्या डोक्यात टोचत बसलो. मग सांगितलं, मॉडेल पाहिजे तर प्रत्येकी 6,000 भरा आणि आपलं माणूस आणा. मी धाकट्या बहिणीला बोलावलं. किट 24,500 चं, त्यात सहा सिरिंज. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नाही, लायसन्स नंबर नाही, बिल मागितलं तर "नंतर मेल करू."

बहिणीच्या वरच्या ओठात मी टोचलं, ट्रेनर शेजारी उभी. अर्ध्या मिनिटात डावीकडची कातडी खडूसारखी पांढरी पडली. मी घाबरले. ट्रेनर म्हणाली, "भुलीच्या औषधानं होतं तसं, बर्फ लावा." संध्याकाळी लॉजवर ओठापासून नाकाच्या कडेपर्यंत जांभळी जाळी उमटली. रात्रीच गाडी करून सांगलीला त्वचारोगतज्ज्ञाकडं नेलं. त्यांनी बघताक्षणी ओळखलं. फिलर रक्तवाहिनीत जाऊन किंवा बाहेरून दाबून रक्त अडवतं, मग कातडी मरायला लागते. हायल्युरोनिक ॲसिडचा फिलर विरघळवायला हायल्युरोनिडेज नावाचं औषध असतं, ते त्यांनी तीनदा टोचलं. 11,500 रुपये. ओठ वाचला. नाक किंवा भुवयांच्या मधल्या जागी तेच मागं डोळ्याच्या रक्तवाहिनीत गेलं असतं तर दृष्टी गेली असती, असं त्या म्हणाल्या. तीन दिवसांत त्या अकॅडमीत मी हायल्युरोनिडेजचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. कुठल्याही क्लासला आधी हेच विचारा: ते औषध कुठं ठेवलंय, दाखवा.

त्याच डॉक्टरांनी मला समजावलं. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या आहे. इंजेक्शननं टोचायचा फिलर सौंदर्यप्रसाधन म्हणून धरला जात नाही. महाराष्ट्रात 1961 च्या कायद्यानं नोंदणी नसलेल्या माणसाला वैद्यकीय व्यवसायच करता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये केसरोपणाच्या सूचनांमध्ये लिहिलंय की नुसत्या कार्यशाळा आणि यूट्यूब बघून अशा प्रक्रिया सुरू करणं पुरेसं नाही. हे डॉक्टरांसाठी! मग माझ्या तीन दिवसांची किंमत काय?

पैसे परत मागितले. आधी "सरांना विचारते", मग फॉर्मच्या मागच्या बाजूचं 'फी परत मिळणार नाही', मग नंबर ब्लॉक.

पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर बसवलं. "कोर्स झाला ना? सर्टिफिकेट मिळालं ना? मग फसवणूक कुठली?" नंतर म्हणाले, प्रकार पुण्यातला, आमची हद्द नाही. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून पुढं पाठवता येते, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी तिथून हलले नसते. तुम्ही हलू नका, आणि अर्ज दिलात तर पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पुण्यातल्या ठाण्यानं ही दिवाणी बाब ठरवली. एका सरकारी कार्यालयात साहेब रजेवर, दुसऱ्यात सिरिंजचं बिल आणा, तिसऱ्यात "टोचणारी डॉक्टर असती तर कारवाई केली असती." म्हणजे डॉक्टर नसलेल्या बाईनं शिकवलं म्हणून ती सुटली! आणि एका कारकुनानं मलाच विचारलं, "तुम्ही विनापरवाना टोचलंत, हे लेखी देताय का?" त्या दिवशी एसटी स्टँडवर बसून मी रडले. पाच चकरा, सहा अर्ज, एक उत्तर नाही. प्रवास आणि लॉजचे 7,850 मी वरच्या हिशोबात धरलेत ते फक्त कोर्सचे. या चकरांचे धरलेलेच नाहीत.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. चॅट, यूपीआयचे स्क्रीनशॉट, फॉर्मचा फोटो जोडलाय. 40,300 मी रोख दिले होते, त्याचा पुरावा म्हणून तीच बिननंबरची पावती. रोख देऊ नका, कोणी कितीही गोड बोललं तरी.

आमच्या बॅचच्या चौदा जणींपैकी आठ जणींना मी फोन केले. तिघी तक्रारीत यायला तयार आहेत. दोघी घरीच गिऱ्हाइकांचे ओठ करतायत. त्यांना मी बहिणीचा त्या रात्रीचा फोटो पाठवलाय. एकीनं तो बघितलाय, उत्तर दिलेलं नाही. बाई, तू हे वाचत असशील तर ती सिरिंज खाली ठेव. तुझ्याकडं ते औषध नाही.