डेपा तेल : चिकट, पण काजूच्या हंगामात हवंच

दोडामार्गात आमची काजूची बाग. 2016 मध्ये तालुक्यात माकडताप, म्हणजे गोचिडी चावून होणारा आजार, आला. आता हे तेल पडवीच्या कोनाड्यात असतंच. ग्वाल्हेरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने शोधलेलं, आरोग्य केंद्रातून फुकट मिळतं. हातापायांना चोळून बोंडू वेचायला गेले की गोचिडी चढत नाहीत. तीन हंगामांत मला तरी एकही चावली नाही. घामाने मात्र धुऊन जातं, दहा वाजता पुन्हा लावावं लागतं. वर सगळा पाचोळा अंगाला चिकटतो. यंदा बाटल्या यायला जानेवारी उजाडला. गोचिडीची पिल्लं काय तोवर थांबतात?

तेलापेक्षा मला आरोग्य केंद्राचं दुसरं काम आवडलं. माकडतापाने वानरंही मरतात, म्हणून मेलेलं वानर दिसलं की हात न लावता कळवायचं. गेल्या वर्षी ओहळाकडे एक पडलं होतं. फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी माणसं आली, पांढरं फ्लॅनेल जमिनीवरून ओढत गोचिडी गोळा केल्या, नमुने तपासणीला नेले. सासूबाई म्हणाल्या, "रान पुसतत काय गो हे?" निकाल मात्र मलाच दोनदा फोन करून विचारावा लागला.