गोव्यातला क्लब की जत्रेतला दशावतार?

मुंबईचा भाचा डिसेंबरात सावंतवाडीला येतोय. एक रात्र जागायची, पण गोव्यातल्या क्लबात की इथल्या जत्रेत दशावतार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, बघत, ते ठरत नाहीये.

खर्चात तुलनाच नाही. क्लबला प्रवेश, खाणंपिणं आणि परतीची टॅक्सी धरा. प्यायल्यावर महामार्ग ६६वर स्वतः गाडी चालवायचीच नाही. जत्रेतल्या दशावताराला तिकीट नसतं, पैसे जातात ते खाजं आणि चहावर.

संगीत? नाचायला डीजेच हवा, मान्य. पण दशावतारात पायपेटी, मृदंग, झांज डोळ्यांसमोर वाजतात. आधी संकासुर राक्षस येऊन जातो, मग पहाटेपर्यंत आख्यान, म्हणजे पुराणातली गोष्ट. संवाद लिहिलेले नसतात. नट ऐनवेळी बोलतो आणि पेटीवाला त्याच्या शेवटच्या शब्दावर सूर धरतो. हे मला कुठल्याही क्लबात मिळालेलं नाही.

कपड्यांची हौस असेल तर रंगपटात, म्हणजे नट तयार होतात तिथे, डोकवावं. नट स्वतःच चेहरा रंगवतात, आणि पुरुषाने नेसलेल्या राणीच्या साडीची एक निरी हलत नाही. स्वतःसाठी मात्र हुडी घ्यावी, उघड्यावर दव पडतं.

मित्रांचा गट असेल, घाम निघेपर्यंत नाचायचं असेल तर गोवा. खिसा हलका असेल, किंवा आजीलाही सोबत न्यायचं असेल, तर जत्रा.