गोदाम कुठे टाकायचं? एक्सेलच्या सॉल्व्हरची कसोटी

एक्सेलसोबत येणाऱ्या सॉल्व्हरला, म्हणजे दिलेल्या अटींत सर्वात कमी किंवा जास्त उत्तर शोधणाऱ्या साधनाला, वेगळे पैसे पडत नाहीत, आणि जागा ठरवण्यातला निव्वळ आकडेमोडीचा भाग तो चोख करतो. मात्र त्याची मूळ सेटिंग्ज जशीच्या तशी ठेवली, तर चुकीचं उत्तरही तो तितक्याच आत्मविश्वासाने देतो. सुरू करायला फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, गो असं जाऊन ‘सॉल्व्हर अ‍ॅड-इन’वर टिक करा, मग तो डेटा टॅबमध्ये दिसू लागतो.

एकच गोदाम टाकायचं असेल तर प्रत्येक ग्राहकाचे अक्षांश, रेखांश आणि वर्षाला जाणारा माल टनांत मांडा. गोदामाच्या अक्षांश-रेखांशासाठी दोन सेल ठेवा. अंतर गुणिले टन यांची बेरीज ‘सम्प्रॉडक्ट’ने काढा, सॉल्व्हरमध्ये ‘जीआरजी नॉनलिनियर’ (सरळरेषीय नसलेल्या गणितांची) पद्धत निवडा आणि ती बेरीज कमीत कमी करायला सांगा. सुरुवातीला त्या दोन सेलमध्ये मालाच्या वजनानुसार काढलेली सरासरी भरा. पुष्कळ जण या सरासरीलाच उत्तर समजून थांबतात. पण ती अंतराच्या वर्गांची बेरीज कमी करते, त्यामुळे लांबचा एखादा मोठा ग्राहक बिंदू नको इतका स्वतःकडे ओढतो.

अंतर अंशांत मोजू नका. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किमी असतो. रेखांशाचा विषुववृत्तावर तेवढाच, पण ६० अंशांवर त्याच्या निम्मा. त्रिज्या ६३७१ किमी धरून गोलावरच्या अंतराचं सूत्र वापरा, आणि त्यातल्या ‘एकॉस’ या फंक्शनच्या आतल्या किमतीला ‘मिन’ने १ ची मर्यादा घाला. नाहीतर दोन्ही बिंदू एकाच ठिकाणी आले की दशांशांच्या किरकोळ फरकाने सेलमध्ये चूक दिसते. रस्त्याचं अंतर म्हणून १.२ ते १.४ चा गुणक लावतात. तो सगळ्यांना सारखा लावला तर जागा हलत नाही, फक्त खर्च वाढून दिसतो. मध्ये डोंगर किंवा खाडी असेल तर मात्र खरी अंतरंच भरावी लागतात.

सॉल्व्हरच्या खिडकीतली सगळ्यात फसवी टिकची खूण म्हणजे ‘मेक अनकन्स्ट्रेन्ड व्हेरिएबल्स नॉन-निगेटिव्ह’. ती आधीपासून लावलेलीच असते. ग्राहक शून्य रेखावृत्ताच्या पश्चिमेला किंवा विषुववृत्ताच्या दक्षिणेला असतील तर आकडे ऋण असतात, आणि गोदाम शून्यावरच अडकून बसतं. ही खूण आधी काढा.

उत्तर आलं तरी त्या बिंदूला चिकटून राहायचं कारण नाही. किमान खर्चाच्या आसपास खर्चाचा आलेख बराच सपाट असतो, म्हणून बिंदू थोडा सरकवून खर्च किती वाढतो ते पाहा. बहुतेक वेळा वाढ इतकी थोडी असते की जमीन, वीज आणि कामगार जिथे बरे मिळतील तिथे जाणंच शहाणपणाचं ठरतं.

ठरावीक जागांपैकी कोणत्या उघडायच्या, हा प्रश्न वेगळा. इथे प्रत्येक जागेला ० किंवा १ द्या (१ म्हणजे उघडायची, ० म्हणजे नाही), पद्धत ‘सिम्प्लेक्स एलपी’ (सरळरेषीय गणितांची) ठेवा. सूत्रांत ‘इफ’ घालू नका. गणित सरळरेषीय नाही असं सांगून सॉल्व्हर थांबतो. त्याऐवजी ‘जागेतून निघणारा माल क्षमता गुणिले ० किंवा १ पेक्षा जास्त नसावा’ अशी अट लिहा. मर्यादा २०० चलांची, म्हणजे सॉल्व्हरने बदलायच्या सेलची, आहे: १० जागा आणि १८ ग्राहक धरले तर १९० चलं होतात (कुठून कोणाला किती माल याची १८० आणि जागांची १०), ग्राहक २० झाले की २१०, म्हणजे काम थांबलं. ‘इंटिजर ऑप्टिमॅलिटी’ मुळात १ टक्क्यावर असते, म्हणजे तेवढा महाग पर्यायही चालवून घेतला जातो. ती ० करा. वाहतूक वर्षाची आणि बांधकाम एकरकमी अशी सरमिसळ झाली तर जवळजवळ नेहमी कमी गोदामं निघतात, तेव्हा बांधकामाचाही वार्षिक हप्ता काढून घ्या.

० आणि १ च्या अटी असताना सेन्सिटिव्हिटी अहवाल (आकडे बदलले तर उत्तर किती हलेल हे सांगणारा) मिळत नाही. मागणी आणि भाडं २० टक्के वर-खाली करून पुन्हा चालवणं हाच उपाय, आणि तो कंटाळवाणा आहे. पूरक्षेत्र किंवा मालकीचा वाद असलेल्या जागा सॉल्व्हरला कळत नाहीत. त्या यादीतून आधीच काढा. २०० च्या पुढे जायचं असेल तर ऑकलंड विद्यापीठात तयार झालेला ओपनसॉल्व्हर मोफत आहे, त्यात चलांची अशी मर्यादा नाही आणि एक्सेलमधली सॉल्व्हरची मांडणी तो तशीच वाचतो.